सायकल काउंट साठ, तरी बॅटरी खलास का?

समजा, अडीच वर्षं वापरलेल्या एका लॅपटॉपचा बॅटरी रिपोर्ट समोर उघडला आहे. त्यात तीन आकडे दिसतात: डिझाइन कपॅसिटी 41,040 मिलीवॉट-तास, फुल चार्ज कपॅसिटी 29,960 आणि सायकल काउंट 61. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की 0.73 येतं. नवी असताना बॅटरीत जेवढी वीज मावायची, त्याच्या 73 टक्केच आता मावते. टायपिंग, ईमेल अशा हलक्या कामाला लॅपटॉप साधारण 9 वॉट खात असेल, तर पूर्वी साडेचार तास निघायचे, आता तीन तास वीस मिनिटं.

यात खटकतो तो तिसरा आकडा. लॅपटॉपची बॅटरी 300 ते 500 सायकल चालते असं सर्रास सांगितलं जातं. ॲपलने तर आपल्या सध्याच्या मॅकबुकसाठी 1000 सायकलचा आकडा दिला आहे, आणि तोवर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत क्षमता उरावी अशी बॅटरीची रचना असल्याचं म्हटलं आहे. इथे 61 सायकलमध्येच 27 टक्के गेले. बॅटरी फारशी वापरलीच नाही, तरी ती गेली. असे लॅपटॉप बहुधा टेबलावर बसलेले असतात. सकाळी चार्जर लागतो आणि रात्री निघाला तर निघतो. वापरली नाही तर बॅटरी टिकेल, असा मालकाचा हिशेब असतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

एक सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणं नव्हे. एकूण 100 टक्के वीज बाहेर पडली की एक सायकल मोजली जाते. आज 100 वरून 50 पर्यंत वापरली, रात्री भरली, उद्या पुन्हा 50 पर्यंत वापरली, तर दोन दिवसांत मिळून एकच सायकल झाली. त्यामुळे दिवसातून चारदा चार्जर लावला म्हणून काही बिघडत नाही. सायकल काउंट हा गाडीच्या किलोमीटरसारखा आहे. गाडी किती पळाली ते तो सांगतो, पण उन्हात किती वर्षं उभी होती ते सांगत नाही.

दुधावरची साय

बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात. एकीकडे तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, दुसरीकडे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्ट, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा लेप. मध्ये भोकाभोकांचा प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, लॅपटॉप वापरताना ते परत येतात. अशी लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कारखान्यात सेल बंद करताना त्यात जेवढं लिथियम भरलं तेवढाच त्याचा जन्मभराचा साठा. वरून नवीन काही येत नाही. ग्रॅफाइटला टेकलेला द्रव पहिल्याच चार्जिंगला थोडा विघटित होतो आणि ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो, तापल्या दुधावर साय धरावी तसा. हा थर हवाच असतो. तो नसेल तर द्रवाचं विघटन थांबणारच नाही. पण तो बनतो साठ्यातलंच लिथियम खाऊन, आणि त्याची वाढ पूर्णपणे कधीच थांबत नाही. सायीत अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. क्षमता घटते ती मुख्यतः यामुळे.

साय जाड होण्याचे रस्ते दोन. पहिला वापराचा. लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट सुमारे 10 टक्के फुगतं, निघालं की आकसतं. या फुगण्या-आकसण्यात सायीला तडे जातात, खालचं कोरं ग्रॅफाइट उघडं पडतं आणि त्यावर नवी साय धरते. शून्य ते शंभर असा मोठा फेरा घेतला की ताण जास्त पडतो. 40 ते 70 अशा छोट्या फेऱ्यांमध्ये बराच कमी. दुसरा रस्ता नुसत्या वेळेचा. बॅटरी पडून असली तरी साय हळूहळू वाढतच असते, आणि तिचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: बॅटरी किती भरलेली आहे आणि किती गरम आहे. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये दुसऱ्या बाजूलाही द्रवावर ताण येतो. जास्त व्होल्टेजला तो ऑक्साइडच्या बाजूने विघटित होतो आणि वायू सोडतो. फुगलेल्या बॅटरीचं मूळ इथे आहे, त्याकडे पुढे येऊ.

या दुसऱ्या रस्त्याचा वेग किती, ते ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीसंग्रहातल्या, नेहमी उद्धृत होणाऱ्या एका तक्त्यावरून दिसतं. सेल वर्षभर न वापरता ठेवले. 25 अंशांना 40 टक्के भरून ठेवले तर 96 टक्के क्षमता उरते. त्याच 25 अंशांना पूर्ण भरून ठेवले तर 80. तापमान 40 अंश असेल तर 40 टक्के भरलेल्यात 85 उरते आणि पूर्ण भरलेल्यात 65. प्रत्येक कंपनीच्या सेलचा आकडा वेगळा येईल, कल मात्र हाच. वर्षभरात 4 टक्के जाणार की 35, हा फरक एकाच सेलमध्ये, एकही सायकल न करता पडतो. सुरुवातीच्या रिपोर्टमधल्या 27 टक्क्यांचं कोडं इथे सुटतं.

आता 40 अंश म्हणजे फार झाले असं पुण्यात बसून वाटेल. पण लॅपटॉपची बॅटरी मनगट टेकतो त्या भागाखाली असते आणि प्रोसेसरची उष्णता त्याच पत्र्यातून पसरते. खोली 30 अंशांवर असली तरी काम चालू असताना बॅटरी चाळिशीला सहज जाते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश होतात, तिथे तर विचारायलाच नको. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालून हवा घेण्याच्या जाळ्या बुजतात. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप ठेवणं हा तर बॅटरी मारायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

80 टक्क्यांचा बांध

‘चार्जर लावून ठेवला की बॅटरी ओव्हरचार्ज होते’ हे खरं नाही. बॅटरीतलं सर्किट 100 टक्क्यांना चार्जिंग तोडतं, आणि त्यानंतर लॅपटॉप थेट ॲडॉप्टरवर चालतो. नुकसान होतं ते काठोकाठ भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने बसून राहण्याने. ‘100 टक्के’ म्हणजे सेलला 4.2 व्होल्ट, हल्लीच्या बऱ्याच पातळ सेलना 4.35 ते 4.4 व्होल्ट. जुन्या 4.2 व्होल्टच्या सेलबद्दल एक ढोबळ नियम आहे: वरची मर्यादा 0.1 व्होल्टने खाली आणली की सायकलचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. 80 टक्क्यांना थांबणं म्हणजे हेच करणं.

ही सोय आज बहुतेक लॅपटॉपमध्ये आहे, फक्त प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलं आहे. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये ती ‘कन्झर्वेशन मोड’ म्हणून सापडते. थिंकपॅडमध्ये चार्जिंग किती टक्क्यांना सुरू व्हावं आणि किती टक्क्यांना थांबावं हे दोन्ही ठरवता येतं. असुसच्या मायअसुसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’, एसरच्या केअर सेंटरमध्ये ‘बॅटरी चार्ज लिमिट’. डेलमध्ये सुरू होताना एफ-2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलं की बॅटरी चार्जच्या पर्यायांत ‘प्रायमरिली एसी’ आणि ‘कस्टम’ दिसतात. कस्टममध्ये सुरुवात 50 आणि शेवट 80 टाकावा. एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलांत एफ-10 दाबून बायोसमधल्या ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’मध्ये जावं लागतं. मॅकमध्ये ‘ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग’ आहे, ते तुमच्या सवयी पाहून स्वतःच ठरवतं, त्यामुळे कधी 80 ला थांबतं आणि कधी थांबत नाही. लिनक्सवाल्यांना केडीई या डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये हा पर्याय थेट मिळतो, अर्थात लॅपटॉपच्या हार्डवेअरने साथ दिली तर.

विंडोज नव्याने टाकल्यावर कंपनीचं ॲप उडतं आणि त्याबरोबर बऱ्याचदा ही मर्यादाही. सहा महिने 100 टक्के दिसत असतं आणि कुणाचं लक्ष नसतं. बायोसमध्ये लावलेली मर्यादा अशी पुसली जात नाही, म्हणून निवड असेल तर बायोसचीच करावी.

80 की 60? लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल आणि वीज जात नसेल तर 60 उत्तम. भारनियमनाच्या गावात मात्र लॅपटॉपची बॅटरी हीच यूपीएस असते, तिथे 60 वर अडकवून ऐन परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी हात चोळत बसण्यात शहाणपणा नाही. 80 ठेवा. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून 100 करा. एखाद्या रात्रीच्या 100 ने काही होत नाही, बॅटरी जपण्याच्या नादात माणसाने लॅपटॉपची नोकरी करू नये.

रिपोर्ट कसा काढायचा, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

विंडोजमध्ये स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘पॉवर’ टाइप करून त्याला जोडूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘बॅटरी’ आणि ‘रिपोर्ट’ हे दोन शब्द सलग. एंटर दाबलं की फाईल कुठे साठवली तो पत्ता तिथेच उमटतो. ती ब्राउझरमध्ये उघडा. वरचे तीन आकडे ‘इन्स्टॉल्ड बॅटरीज’खाली असतात. खाली ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’मध्ये क्षमता आठवड्यागणिक कशी उतरली ते दिसतं, आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा हा उतार जास्त बोलका असतो. काही लॅपटॉपमध्ये सायकल काउंटच्या जागी नुसती आडवी रेघ येते, म्हणजे बॅटरीच्या चिपने तो आकडा विंडोजला दिलेला नाही. मॅकमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनच्या ‘पॉवर’ भागात सायकल काउंट मिळतो.

फुल चार्ज कपॅसिटी हा मोजलेला आकडा नसतो, अंदाज असतो. बॅटरीतली चिप आत गेलेली आणि बाहेर पडलेली वीज मोजत राहते. छोट्या छोट्या चुका साठत जातात आणि अंदाज सरकतो. म्हणून आज 82 टक्के, परवा 85 आणि पुढच्या आठवड्यात 81 दिसलं तर बॅटरी सुधारली किंवा बिघडली असं काही नसतं.

अंदाज फारच भरकटला, म्हणजे स्क्रीनवरचा शिल्लक चार्जचा आकडा 40 वरून एकदम 12 वर उडी मारू लागला, तर कॅलिब्रेशन करावं. आधी 80 ची मर्यादा काढा. 100 पर्यंत भरून दोन तास तसंच ठेवा. मग चार्जर काढून लॅपटॉप आपोआप हायबरनेट होईपर्यंत वापरा, तीन-चार तास बंद ठेवा आणि मध्ये न थांबवता पुन्हा 100 पर्यंत भरा. यात चिपला टाकीची वरची आणि खालची कड नव्याने कळते. टाकी मोठी होत नाही. दर महिन्याला हे करण्याचा जो सल्ला फिरतो तो बॅटरीच्या मुळावर येणारा आहे. लक्षणं दिसली तरच करावं.

आणि उडी कॅलिब्रेशननंतरही थांबली नाही तर? मग दोष अंदाजाचा नसून आतल्या रोधाचा आहे. साय जाड झाली की लिथियमला ये-जा करायला अडथळा वाढतो, आणि हे दुखणं टक्केवारीत दिसत नाही. तीन सेलची बॅटरी घ्या. 25 टक्के शिल्लक असताना तिचं व्होल्टेज 10.8 आहे. व्हिडिओ कॉल चालू झाला, प्रोसेसर 45 वॉट मागू लागला, म्हणजे साधारण 4 अँपिअर. नव्या बॅटरीचा आतला रोध 0.15 ओम धरला तर 0.6 व्होल्ट आतच खर्च होतात, बाहेर 10.2 मिळतात, काम भागतं. थकलेल्या बॅटरीत तोच रोध 0.45 ओम झाला तर 1.8 व्होल्ट जातात आणि बाहेर उरतात 9.0, म्हणजे सेलमागे 3 व्होल्ट. ही संपल्याची रेषा. लॅपटॉप धाडकन बंद. पुन्हा सुरू केला की 25 टक्के अजून तिथेच दिसतात, आणि विंडोजला शिव्या बसतात. हिवाळ्यात पहाटे हे जास्त होतं, कारण थंडीत रोध आणखी वाढतो. अशा बॅटरीचं हेल्थ 70 टक्के दाखवत असलं तरी ती बदलण्याच्याच लायकीची.

जुन्या समजुतींपैकी दोन अजून जिवंत आहेत. नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्ज करा, आणि पूर्ण संपल्याशिवाय चार्जर लावू नका. दोन्ही निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातल्या आहेत. लिथियमला पूर्ण रिकामं होणं उलट बाधतं. रिकामा लॅपटॉप कपाटात टाकून चार-पाच महिन्यांनी काढला तर सेल इतका खाली गेलेला असू शकतो की तांब्याचा पत्रा द्रवात विरघळायला लागतो, आणि मग सुरक्षा सर्किट चार्जिंगच नाकारतं. ते नाकारतं तेच बरं. अशा सेलला बाहेरून जबरदस्तीने ‘जागं’ करून देणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे जाऊ नये. लॅपटॉप महिनोन्‌महिने ठेवायचाच असेल तर 50 टक्क्यांच्या आसपास, बंद करून, घरातल्या थंड जागी ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा पाहा.

बदलायची वेळ आली की

लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात. खालचं झाकण उघडून बॅटरीवरच छापलेला पार्ट नंबर घ्या, आणि व्होल्टेजही: 7.6 किंवा 7.7 म्हणजे दोन सेल, 11.4 किंवा 11.55 म्हणजे तीन, 15.2 किंवा 15.4 म्हणजे चार. यांची आपसात अदलाबदल होत नाही, कनेक्टर बसत असला तरी. भारतात विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते, म्हणून लेबलवर आयएस 16046 आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. मूळ बॅटरी 41 वॉट-तासांची आणि त्याच आकाराची ‘जादा बॅकअप’वाली 60 ची मिळत असेल तर ती थाप समजा. तेवढ्या जागेत तेवढी वीज कुठून येणार?

झाकण उघडण्याआधी बॅटरी 25 टक्क्यांच्या खाली आणून लॅपटॉप पूर्ण बंद करा, शटडाउनवर शिफ्ट दाबून क्लिक केलं की विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप पूर्ण बंद न करता झटपट सुरू करण्याची सोय) आड येत नाही. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, बाकी सगळं नंतर. बॅटरी चिकटवलेली असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने हळू सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना सेलच्या पिशवीसारख्या पातळ आवरणाला भोक पडलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागते. नवी बसवली की पहिल्याच दिवशी रिपोर्ट काढा. फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या जवळपास आणि सायकल काउंट शून्य किंवा एक-दोन असला पाहिजे. 85 टक्के दिसत असेल तर ती दुकानात दोन वर्षं पडून म्हातारी झालेली ‘नवी’ बॅटरी आहे. एका कॅलिब्रेशननंतरही आकडा तोच राहिला तर परत करा.

फुगलेल्या बॅटरीला मात्र ही सवड नाही. टचपॅडचं क्लिक अचानक घट्ट होणं, टचपॅडची एक कड वर येणं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगणं, झाकण नीट न मिटणं, ही तिची लक्षणं. टक्केवारी तेव्हाही 90 असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, झाकण दाबून मिटवू नका. पिशवी टाचणीने टोचून वायू काढायचा प्रकार काही जण करतात, तो जिवावर बेतू शकतो. फरशीवर, पडदे-कागद-गादीपासून लांब ठेवून दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. धूर दिसला तर खोलीबाहेर पडून 101 ला फोन करा. तो धूर विषारी असतो.

काढलेली बॅटरी, फुगलेली असो वा नसो, कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नका. गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथेच पेट घेतो. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा परवानाधारक ई-कचरा केंद्राला ती देता येते. देण्याआधी कनेक्टरच्या उघड्या पिनांवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे घ्या, आणि किल्ल्या-नाणी असलेल्या खिशात किंवा पिशवीत ती टाकू नका.